रिपेंट() वाढवून आकड्यांचं भूत जाणार नाही

लातूरच्या मोंढ्यातल्या अडत दुकानाच्या बिलिंगचा प्रोग्राम जावाच्या स्विंगमध्ये (खिडक्या, बटणं, लेबलं दाखवणारी लायब्ररी) आहे; त्यात नवीन वजनाखाली जुना आकडा पुसट दिसत राहतो, त्यावर कुणीतरी सुचवलंय की प्रत्येक वेळी रिपेंट() मारा, म्हणजे लेबल पुन्हा रंगवायला सांगा. त्यानं हे सुटणार नाही. लेबलचा पार्श्वरंग अर्धपारदर्शक (अल्फा, म्हणजे रंगाच्या घट्टपणाचा आकडा, २५५ पेक्षा कमी) आणि वरून सेटओपेक(ट्रू), म्हणजे ‘हा घटक अपारदर्शक आहे’ असं सांगितलेलं असेल, तर स्विंग तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं: घटक अपारदर्शक आहे असं तुम्ही म्हणताय, मग मागचं पॅनेल रंगवायची गरज नाही. म्हणून जुने पिक्सेल तसेच राहतात आणि दर रिपेंटला रंगाचा थर वाढून पट्टा गडद होत जातो. सगळ्यात सोपं म्हणजे घट्ट रंग द्या. पारदर्शकता हवीच असेल तर सेटओपेक(फॉल्स) करा, पेंटकॉम्पोनंट() (घटक रंगवणारी मेथड) ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहून, आधी फिलरेक्टनं पूर्ण चौकोन त्या रंगानं भरा, मग सुपर.पेंटकॉम्पोनंट(), म्हणजे आकडा काढणारी मूळ मेथड, बोलवा. क्रम उलटा झाला तर रंग आकड्यावर चढतो.

काट्याचं वजन सीरियल पोर्टच्या (काटा संगणकाला जोडायची जागा) थ्रेडवरून, म्हणजे समांतर चालणाऱ्या वेगळ्या कामातून येतं, तिथून थेट सेटटेक्स्ट() करून लेबलचा मजकूर बदलू नका. स्विंगयुटिलिटीज.इनव्होकलेटर() मधूनच करा, ते हे काम स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडकडे सोपवतं; नाहीतर आकडा कधी बदलेल, कधी अर्धवट दिसेल, आणि चूक हमखास घडवून दाखवता येत नसल्यानं शोधणं फार जड जातं. शेतकऱ्याच्या नावातल्या वेलांट्या, उकार कापले जातात ते वेगळं: सेटप्रिफर्डसाइझ() मधली ठरावीक उंची काढून टाका, लेआउट मॅनेजर (घटकांची जागा, आकार ठरवणारा भाग) फाँटप्रमाणे उंची घेईल.