बटणावरच्या ‘कॅन्सल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

गेल्या महिन्यात आईने फोनवरून बसचं तिकीट रद्द केलं. म्हणजे तिला तसं वाटलं. पडद्यावर चौकट आली होती: ‘तिकीट रद्द करायचे आहे का?’ खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. तिने अर्थातच ‘रद्द करा’ दाबलं. चौकट मिटली, तिकीट तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी गाडी सुटली आणि पैसे बुडाले. तिथल्या ‘रद्द करा’चा अर्थ होता, ‘रद्द करणं रद्द करा’.

मी स्वतः मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करते, म्हणून हे जास्त लागलं. रंग, चिन्हं, मोकळी जागा यांवर आम्ही दिवसचे दिवस घालवतो आणि बटणांवरचे शब्द शेवटच्या संध्याकाळी तक्त्यातून भरून येतात. भाषांतर करणाऱ्याला स्क्रीन दिसतच नाही. त्याच्यापुढे सुटा ‘कॅन्सल’ असतो, तो ‘रद्द करा’ लिहून मोकळा होतो. या बटणाला मराठी शब्द कोणता द्यावा?

प्रतिसाद १

‘राहू द्या’.

दुकानदाराने कापड उलगडून दाखवलं आणि पसंत पडलं नाही, तर आपण काय म्हणतो? ‘राहू द्या.’ रद्द हा शब्द अरबीतला, फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि कचेरीत रुळला. जे आधी ठरलं, लागू झालं, ते मोडलं की रद्द होतं: परवाना, करार, नेमणूक, गाडी. नुसत्या विचारणेच्या चौकटीतून मागे फिरताना अजून काहीच ठरलेलं नसतं, मग रद्द काय होणार? तुमच्या चौकटीत रद्द होण्याजोगी एकच गोष्ट होती, तिकीट. आईंनी मराठी बरोबर वाचलं.

प्रतिसाद २

इथे ‘राहू द्या’ चपखल आहे, सगळीकडे चालणार नाही. फोटो अर्धा अपलोड झालेला असताना ‘राहू द्या’ वाचलं, तर फोटो राहील की जाईल? तिथे ‘थांबवा’ हवं. अर्ज अर्धवट सोडून निघायचं असेल तर ‘न साठवता बाहेर पडा’. लांब आहे, पण काय होणार ते कळतं. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेली ही वेगवेगळी कामं आहेत, आपण एकाच शब्दाचा हट्ट का धरावा?

दुसऱ्या बटणावरचं ‘ठीक आहे’ही तितकंच घातक. काय ठीक आहे? तिथे कर्मासकट क्रियापद लिहा, ‘तिकीट रद्द करा’. म्हणजे वरचा प्रश्न न वाचताच बटण दाबणाऱ्यालाही (आणि बहुतेक जण तसंच दाबतात) फसायला होत नाही.

प्रतिसाद ३

क्रियापदाचा विषय निघालाच आहे, तर विचारते: बटणावरचं ‘करा’ कोण कोणाला म्हणतंय? ‘नाव लिहा’ हे अ‍ॅप मला सांगतं. ‘पैसे पाठवा’ हे मी अ‍ॅपला सांगते. दोन्ही एकाच स्क्रीनवर, एकाच रूपात. काही जण ‘जतन करणे’ लिहून सुटका करून घेतात, ते मात्र कार्यालयातल्या फलकासारखं वाटतं. माझ्या मते ‘करा’च ठेवावं, आणि अ‍ॅप बोलतं त्या सूचना बटणाच्या आकारात कधीच दाखवू नयेत.

प्रतिसाद ४

अक्षरजुळणीच्या बाजूने एक भर. ‘रद्द’मधला ‘द्द’ एकाखाली एक रचलेला असतो, लहान टाइपात तो नुसता ‘द’ दिसतो. ‘राहू’चा ऊकार ओळीखाली उतरतो. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळीची उंची बेतली की हे उकार आणि वरच्या वेलांट्या कापल्या जातात. बोटाने दाबायच्या जागेसाठी अ‍ॅपल किमान 44 पॉइंट सांगतं, गूगल 48 डीपी (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापं), म्हणजे गूगलच्या हिशेबात साधारण 9 मिलिमीटर. तेवढी जागा मिळाली तरी आतला मजकूर गुदमरू शकतो. ‘न साठवता बाहेर पडा’ आडव्या जोडीत कोंबू नका, बटणं एकाखाली एक लावा.

प्रतिसाद ५

‘टॅप करा’ला ‘टिचकी मारा’ लिहिलेलं पाहिलं. माउसच्या टक् आवाजाला टिचकी शोभत होती. पण टिचकी म्हणजे अंगठ्यात अडकवलेलं बोट सोडून कॅरमचा स्ट्रायकर मारतो ते. काचेवर तसं कुणी करत नाही. ‘दाबा’ पुरे, आणि धरून ठेवायचं असेल तर ‘दाबून धरा’.

तसंच ‘युजर-फ्रेंडली’ला ‘वापरस्नेही’ का? आपल्याकडे ‘सुटसुटीत’ आहे. प्रवासाचं सामान सुटसुटीत असतं, स्वयंपाकघर सुटसुटीत असतं: हाताशी हवं ते आहे, पायात काही येत नाही. स्क्रीनकडून याहून वेगळं काय हवं आहे?

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन बटणं कागदावर काढून आईपुढे ठेवली, ‘तिकीट रद्द करा’ आणि ‘राहू द्या’. तिने लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्याकडे बघून म्हणाली, “हे दाबलं की तिकीट राहतं ना?” म्हणजे तिनेही ‘राहू द्या’ला मनातल्या मनात कर्म जोडलं. आता ‘तिकीट राहू द्या’ असंच लिहिते आहे. रुंदी वाढली, बटणं एकाखाली एक घेतली.

अजून एक अडलंय. सुरुवातीच्या ओळखीच्या पानांवरच्या ‘स्किप’ला ‘वगळा’ लिहिलं, तर ती पाने कायमची गेली असं वाटतं. ‘नंतर बघू’ कसं वाटतं?