मदत हवी आहे: वीस हजारांत आईसाठी खोली, आणि एक ओली भिंत

अबोली:

नमस्कार मंडळी,

माझी आई, वय ७४, दिवाळीच्या आधी मिरजेहून कायमची आमच्याकडे डोंबिवलीला राहायला येते आहे. आप्पा गेल्यावर दोन वर्षं ती एकटी राहिली. आता गुडघे साथ देत नाहीत आणि तिकडचा जिना दगडी, उंच पायऱ्यांचा. किती विनवण्या केल्या तेव्हा कुठे तयार झाली. ती येईल तेव्हा तिला आपली म्हणावी अशी खोली मिळावी, एवढंच मनात आहे. हातात सहा आठवडे आहेत आणि वीस हजार रुपये.

इमारत १९९१ सालची, आम्ही चारपैकी तिसऱ्या मजल्यावर. खोली ११ बाय १० फूट, उंची साडेनऊ. उत्तरेला चार बाय चारची खिडकी, खाली मोझॅकची फरशी, भिंतींना फिकट पिवळा डिस्टेंपर. आजवर या खोलीत इस्त्रीचे कपडे, सुटकेसी आणि मुलाची जुनी पुस्तकं असायची. त्यामुळे तिच्याकडे कधी नीट लक्ष दिलं गेलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

खरी अडचण पश्चिमेच्या भिंतीची. दर पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यातून ओल उतरते. या वर्षी तर पार माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत आली. पोपडे धरले आहेत. बोटाने दाबलं की रंग पापडासारखा मोडतो आणि आतून मिठासारखी पांढरी भुकटी सांडते. दोन वर्षांपूर्वी आतून वॉटरप्रूफ पुट्टी करून घेतली होती, ती पुढच्याच ऑगस्टमध्ये फुगली. आता एका रंगाऱ्याने चारही भिंती, छत आणि त्या भिंतीला पुन्हा आतून वॉटरप्रूफिंग असे अठरा हजार सांगितले आहेत. म्हणजे पडदे, दिवे, पलंग सगळं उरलेल्या दोन हजारांत.

पैसे भिंतीत घालू की खोलीत? आणि मिरजेच्या घरातून एक जुनं गोदरेजचं कपाट येणार आहे. आप्पांनी माझ्या जन्माच्या वर्षी घेतलेलं. खालच्या बाजूला गंजलंय, पण आई ते सोडणार नाही आणि मलाही ते सोडायचं नाही. त्याला घरच्या घरी रंग देता येतो का? शिवाय तिच्या सात-आठ जुन्या इरकली आहेत, नेसण्याजोग्या राहिल्या नाहीत, त्यांचं काही करता आलं तर फार आनंद होईल.

--

पायवाट:

ताई, आधी ओल कुठून येते ते बघा, मग रंगाऱ्याशी बोला. एक सोपी चाचणी. फूटभर प्लॅस्टिकचा कागद घ्या, ओलीच्या जागी भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमलं तर ओल भिंतीतूनच येतेय. खोलीच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या दमट हवेची, मग नुसती हवा खेळती ठेवून भागतं. वरच्या कोपऱ्यातून उतरते म्हणताय, म्हणजे बहुतेक बाहेरच्या गिलाव्याला भेग असेल किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप तिथून जात असेल. खिडकीतून डोकावून फोटो काढा.

आणि बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती हा तुमचा खर्च नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. तोंडी सांगू नका. अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा.

--

जुना_रंगारी:

ठाण्यात तीस वर्षं रंगकाम करतोय. त्या भिंतीला आतून वॉटरप्रूफिंग करू नका. पाणी बाहेरून आत येतंय आणि तुम्ही आतून झाकण लावताय. पाणी जाणार कुठे? गिलाव्यात कोंडून राहतं, क्षार वर ढकलतं आणि रंगासकट पुट्टी सुटते. तुम्हाला दिसलेली पांढरी भुकटी म्हणजे लोणा. मागच्या वेळी तुमचे पैसे याच कारणाने गेले.

बाहेरची दुरुस्ती झाली तरी भिंत आतून वाळायला वेळ लागतो. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात बरीच वाळेल, पण पूर्ण कोरडी व्हायला फेब्रुवारी उजाडेल. तोवर तिच्यावर प्लॅस्टिक इमल्शन, ऑइल पेंट, वॉलपेपर काही नको. नुसती खरवडून, लोणा कोरड्या ब्रशने झाडून मोकळी ठेवा. पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात.

बाकी तीन भिंती खुशाल रंगवा. हिशोब करून देतो. तीन भिंतींची लांबी ३१ फूट, गुणिले साडेनऊ, साधारण २९५ चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की अडीचशेच्या आसपास. साधं इमल्शन दोन हातांना लिटरमागे शंभर-सव्वाशे चौरस फूट जातं. म्हणजे चार लिटरचा एक डबा घेतला तरी पुढच्या वर्षी डाग झाकायला उरेल. छत ११० चौरस फूट, त्याला पांढरा एक लिटर. माल एवढाच आहे, बाकी मजुरी.

एक मात्र चुकवू नका. ओल्या बोटाने भिंत घासून बघा. पिवळा रंग बोटाला आला तर डिस्टेंपर सुटतोय, त्यावर थेट इमल्शन बसत नाही. पत्र्याने खरवडा, पॉलिश पेपर मारा, धूळ पुसा, प्रायमरचा एक हात द्या, मग रंग. भोकं बुजवायला व्हाइट सिमेंटची पावडर पुट्टी घ्या. खडूची लांबी, म्हणजे खडूच्या भुकटीची पुट्टी, स्वस्त पडते, पण डोंबिवलीच्या हवेत टिकत नाही.

--

अबोली:

मनापासून आभार. दोन वर्षांत हे मला कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं. प्लॅस्टिक आजच लावते. फक्त पलंगावरून आईला समोर तीच भिंत दिसणार आहे. उघडा करडा गिलावा बघत तिला झोपावं लागेल, हे मनाला पटत नाही.

--

गोधडी:

तिला चुना द्या. आमच्या सातारच्या घरात अजून देतो. चुन्यातून भिंत श्वास घेते, ओल बाहेर पडत राहते, पोपडे धरत नाहीत आणि बुरशीही सहसा येत नाही. पण जुना रंग पूर्ण खरवडून गिलावा उघडा करावा लागेल, रंगावर चुना धरत नाही. चुना अंगाला, कपड्यांना लागतो, म्हणून त्या भिंतीला पलंग टेकवू नका.

इरकलीसाठी: पडदे शिवा. नऊवारी असेल तर पाच-पाच फुटांचे पाच तुकडे निघतात आणि काठ आपोआप उभे येतात, खिडकीच्या दोन्ही कडांना फार सुंदर दिसतात. चार फुटांच्या खिडकीला कापड दुप्पट लागतं, म्हणजे दोन तुकडे पुरतात. जुनं सूत उन्हाने विरतं, म्हणून मागे मांजरपाटाचं अस्तर लावा. मांजरपाट शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि पुढचं कापड झोळ खाईल. उरलेल्यातून उशांचे अभ्रे. फाटलेल्या साड्यांची गोधडी, ती मात्र आईंनाच घालू द्या, वेळ छान जाईल.

--

कडाप्पा:

सगळे भिंतीवर बोलताहेत, मी पलंगावर बोलतो. माझी आई ७८ वर्षांची, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत. पलंगाची उंची आधी मोजा. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात हवा. फार खाली असेल तर दुखऱ्या गुडघ्यांनी उठवत नाही. सुताराकडून पायांखाली खोबणी केलेले लाकडी ठोकळे करून घ्या, नवीन पलंगाची गरज नाही.

दुसरं, पलंगाजवळ दिव्याचं बटण. दाराशी एक आणि उशाशी एक, अशी टू-वे जोडणी करून घ्या. रात्री दिवा बंद करून अंधारात पलंगापर्यंत चालणं, तिथेच म्हातारी माणसं पडतात. पांढऱ्या ट्यूबऐवजी पिवळसर प्रकाशाचा एलईडी लावा, ३००० केल्विन लिहिलेला. वाचायला उशाशी वेगळा दिवा. आणि सुटी पायपुसणी, छोटे गालिचे खोलीत आणू नका, कितीही छान दिसले तरी.

मोझॅक मळकट असेल तर ॲसिडने धुऊ नका. त्यातले संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट दोन्ही ॲसिड खातं आणि फरशी कायमची निस्तेज होते. साबणाच्या पाण्याने घासून बघा, पुढे पैसे उरले तर मशीनने पॉलिश.

--

मांजरपाट:

कपाट घरी रंगवता येतं, मी दोन रंगवली आहेत. साबणाने तेलकटपणा काढा, १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. गंजलेली जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा आणि तिथे रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा प्रायमर. त्यावर इनॅमल, स्पंजच्या छोट्या रोलरने, दोन पातळ हात, मध्ये पूर्ण एक दिवस. जाड एक हात दिलात तर ओघळ येतात आणि दारं चिकटतात. गॅलरीत करा, वास दोन-तीन दिवस जात नाही. कपाट ओल्या भिंतीला अजिबात लावू नका.

--

अबोली:

मंडळी, तीन आठवड्यांनी येते आहे, सविस्तर सांगते.

प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं. खिडकीतून वाकून फोटो काढले तर पावसाच्या पाइपचा सांधा बरोबर आमच्या कोपऱ्याच्या वर सुटलेला आणि त्याखाली वीतभर भेग. अर्ज दिला. पहिल्या आठवड्यात कुणी दाद दिली नाही. मग उपविधींचा उल्लेख करून दुसरा अर्ज दिला आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी सही केली, त्यांच्याकडेही तीच ओल होती. गेल्या सोमवारी सांधा बदलला, भेग भरली. खर्च संस्थेने केला.

चुन्याचं मी फोनवर आईला सहज विचारलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती या खोलीबद्दल आपणहून बोलली. "कळीचा चुना आण, पिशवीतली पूड नको. आदल्या रात्री पत्र्याच्या घमेल्यात भिजव. आधी पाणी घाल, मग चुना, आणि लांब उभी राहा, उकळतो तो. डोळ्यांना जप. सकाळी फडक्यातून गाळ, डिंकाचं पाणी घाल, आणि नीळ अगदी चिमूटभर. जास्त झाली तर दवाखान्यासारखं दिसतं." मी तिच्या मागोमाग वहीत लिहीत होते. मग भिंतीवर आधी पाणी मार, पहिला हात आडवा, दुसरा उभा, हेही तिनेच सांगितलं. दर दोन तासांनी फोन.

चुना लावल्या लावल्या मात्र माझा धीर सुटला होता. कुंचा फिरवला तरी भिंत तशीच करडी, नुसती ओली. पहिला हात वाया गेला असंच वाटलं. दुपारी तीनला दार उघडलं तर सगळी भिंत पांढरी झालेली होती. वाळतानाच तो रंग वर येतो, हे मला माहीत नव्हतं. एकूण तीन हात दिले.

तीन भिंती रंगाऱ्याकडून करून घेतल्या, फिकट मोतिया, छत पांढरं. माल आणि मजुरी मिळून ७,८००. टू-वे बटण, दोन दिवे आणि इलेक्ट्रिशियन २,१००. पलंगाखालचे ठोकळे ६००. मांजरपाट आणि शिलाई १,३५०, इरकलीचे पडदे लागलेसुद्धा. हिरव्या काठाची निवडली, कारण कपाटाला बाटलीहिरवा घेतलाय. चुना, कुंचा, डिंक वगैरे ४०० पेक्षा कमी. आठ हजारांच्या जवळपास उरले आहेत, ते फेब्रुवारीत भिंत वाळल्यावर काय करायचं त्यासाठी बाजूला ठेवते.

एकच विचारायचं राहिलं. आप्पांचा फोटो आईला समोर हवाय, म्हणजे त्याच भिंतीवर. तिथे आत्ता खिळा ठोकू का?

--

जुना_रंगारी:

नको. ओल्या गिलाव्यात खिळा धरत नाही, गंज उतरून चुन्यावर तांबडा ओघळ येईल आणि तो पुसला जात नाही. छताच्या कडेला लाकडी पट्टी मारा, ती शेजारच्या दोन कोरड्या भिंतींत बसवा आणि दोरीने फोटो लोंबता सोडा. जुन्या घरांत तसबिरी अशाच असायच्या. फोटोच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा फिरेल.

--

अबोली:

उद्याच सुताराला बोलावते. शुक्रवारी पहाटे आई महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याणला उतरते आहे. कपाट टेम्पोने आदल्या दिवशी येईल, रंग मी ती आल्यावरच देणार. घासायला तिलाही यायचंय म्हणाली.