दाटीत थिजणाऱ्या पेशींसाठी कोणतं मॉडेल?

प्रश्न: जखम भरणाऱ्या पेशींच्या थरासाठी १९९५चं विचेक मॉडेल चालवतेय. त्यात पेशी म्हणजे कण, आणि प्रत्येक कण शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेला वळतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली दाटी झाली की माझ्या पेशी जागीच थिजतात, मॉडेलमध्ये मात्र आणखीच एकदिलाने धावतात. काय चुकतंय?

उत्तर: तुमचे कण नुसते बिंदू आहेत, एकमेकांतून आरपार जातात. अडतील कशाला? व्हर्टेक्स मॉडेल घ्या, त्यात पेशी म्हणजे बहुभुज. परिमितीला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा. ३.८१च्या आसपास आलं तर थर थिजलेला, बराच वर असेल तर वाहता.

दुसरं उत्तर: थराची कड मोकळी असेल तर सेल्युलर पॉट्स मॉडेलही बघा, त्यात प्रत्येक पेशी म्हणजे जाळीवरच्या अनेक चौकटींचा पुंजका. हळू चालतं, पण आकार फार खरे येतात.

प्रश्नकर्ती: रात्री चाळीस पेशी हाताने गिरवल्या. थिजलेल्या कोपऱ्यात मध्यक ३.८३, कडेच्या लांबुळक्या पेशींत ४.१! आता व्हर्टेक्सच लिहायला घेते.