शाळेच्या बजेटमधला ‘फॉरेस्ट रिझर्व्ह’चा पैसा : २५ टक्केवाला हिशेब आणि सेक्युअर रूरल स्कूल्स यांत नेमका फरक काय?

प्रश्न – डोंगरवाट

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बजेट समितीसाठी ही माहिती हवी आहे. काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची) बहुतेक जमीन नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे फेडरल सरकारच्या राष्ट्रीय वनात आहे, त्यामुळे प्रॉपर्टी टॅक्सचा पाया लहान. उत्पन्नाच्या बाजूला ‘फॉरेस्ट रिझर्व्ह’ अशी एक ओळ असते. तिच्यातला आकडा एका वर्षी भरघोस, तर पुढच्या वर्षी अगदीच किरकोळ असतो.

तीन गोष्टी समजत नाहीत. हा पैसा ठरतो कसा? सेक्युअर रूरल स्कूल्स कायद्याची मुदत संपली की आकडा शून्य न होता खूप खाली का येतो? आणि समितीत नेहमी निघणारा मुद्दा असा की फॉरेस्ट सर्व्हिसने (राष्ट्रीय वनं सांभाळणाऱ्या फेडरल खात्याने) लाकूड जास्त विकलं तर आपोआप शाळेला जास्त मिळेल. हे कितपत खरं?

उत्तर १ – खातेवही

तुमच्या त्या एका ओळीत दोन वेगवेगळ्या कायद्यांचा पैसा येतो. कोणत्या वर्षी कोणता आला हे आधी वेगळं काढा, म्हणजे अर्धा गोंधळ तिथेच संपेल.

पहिला कायदा १९०८ चा, आणि तो कायमचा आहे. फेडरल जमिनीवर काउंटीला कर लावता येत नाही. त्याची भरपाई म्हणून नॅशनल फॉरेस्टच्या ढोबळ उत्पन्नातला २५ टक्के वाटा राज्यामार्फत त्या त्या काउंटीतल्या सरकारी शाळा आणि रस्ते यांना द्यायचा, असं तो सांगतो. ढोबळ म्हणजे खर्च वजा न करता. लाकूडविक्री, चराई, करमणुकीची शुल्कं, जमीनवापराची भाडी हे सगळं त्यात धरतात. एक जंगल चार काउंट्यांत पसरलेलं असेल तर त्या जंगलाचा वाटा प्रत्येक काउंटीतल्या एकरांच्या प्रमाणात विभागला जातो.

लाकूडतोड जोरात होती तोवर हे उत्तम चाललं. १९८७ मध्ये राष्ट्रीय वनांतून सुमारे १२.७ अब्ज बोर्ड फूट लाकूड निघालं. (एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी.) १९९० मध्ये नॉर्दर्न स्पॉटेड आउल हे घुबड संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेलं, पाठोपाठ कोर्टाचे मनाईहुकूम आले आणि १९९४ मध्ये नॉर्थवेस्ट फॉरेस्ट प्लॅन लागू झाला. शतक संपेपर्यंत देशभराचा आकडा तीन अब्जांच्या खाली गेला होता. पंचवीस टक्के तेच राहिले, पण ज्याचे पंचवीस टक्के घ्यायचे ते उत्पन्नच आटलं.

म्हणून २००० मध्ये दुसरा कायदा आला, सेक्युअर रूरल स्कूल्स. १९८६ ते १९९९ या काळात मिळालेल्या सर्वांत मोठ्या तीन रकमांची सरासरी हा त्याचा पाया होता, त्या वर्षी लाकूड किती निघालं याच्याशी संबंध नव्हता. २००८ मध्ये सूत्र बदललं. आता काउंटीतले फेडरल एकर आणि त्या तीन रकमांची सरासरी यांतून वाटा काढतात, आणि तो दरडोई उत्पन्नानुसार कमी-जास्त करतात. गरीब काउंटीला झुकतं माप मिळतं.

हा कायदा मात्र मुदतीचा आहे, आणि तुमच्या आकड्याच्या उड्यांचं कारण तेच. एकूण रक्कम २००८ साठी ५० कोटी डॉलर होती, पुढची तीन वर्षं ती दर वर्षी आधीच्या ९० टक्के आणि नंतर ९५ टक्के अशी उतरत गेली. २०२१ पासून तिला २०१७ च्या पातळीवर थांबवलं. मधे २०१६ साठी मुदतवाढच झाली नाही. २०२३ नंतर पुन्हा खंड पडला आणि २०२५ च्या सुरुवातीला काउंट्यांच्या हाती फक्त १९०८ च्या कायद्याचे २५ टक्के पडले. त्या डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मुदत पुन्हा वाढवली. मुदत संपली की जुना कायदा आपोआप लागू होतो, म्हणून आकडा शून्य होत नाही.

आता लाकूड जास्त विकण्याचा मुद्दा. २००८ पासून २५ टक्के हे एका वर्षाच्या नव्हे, तर सात वर्षांच्या सरासरी उत्पन्नावर काढतात. समजा, जंगल एकाच काउंटीत आहे आणि एका वर्षी ७ लाख डॉलरची जादा विक्री झाली. सरासरीत ती दर वर्षी १ लाखाने दिसणार. त्याचे २५ टक्के म्हणजे २५,०००. ते सात वर्षं मिळतील, पण शाळा आणि रस्ते मिळून. कॅलिफोर्नियात निम्मे रस्त्यांना जातात, तेव्हा काउंटीतल्या सगळ्या शाळांच्या वाट्याला वर्षाला १२,५०० आले.

शिवाय सगळी विक्री हिशेबात येतच नाही. स्टुअर्डशिप कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेकेदार झाडोरा विरळ करून देतो आणि मोबदल्यात लाकूड नेतो. त्या लाकडाची किंमत २५ टक्क्यांच्या हिशेबात धरत नाहीत. गुड नेबर करारात राष्ट्रीय वनातलं काम राज्य करतं, त्यात राज्याने लाकूड विकलं तर तेही पैसे बाहेरच. वणवा रोखण्यासाठीची बरीच कामं याच दोन मार्गांनी होतात. त्यामुळे डोळ्यांदेखत ओंडक्यांचे ट्रक जात असतात आणि शाळेची ओळ हलत नाही. विरळणी हवीच, पण तिच्यावर शाळेचं बजेट उभं राहणार नाही, हे समितीला स्पष्ट सांगा.

उत्तर २ – गिट्टी_आणि_मोरी

वर म्हटलंय त्यात राज्याराज्यांतला फरक जोडतो, कारण शेजारच्या राज्याचे आकडे समोर ठेवून लोक हमखास फसतात. शाळा आणि रस्ते यांत पैसा कसा वाटायचा हे १९०८ च्या कायद्याने राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय. कॅलिफोर्नियात निम्मे-निम्मे. ऑरेगनमध्ये रस्त्यांना ७५ टक्के, शाळांना २५. आयडाहोत ७० आणि ३०. मोंटानात दोन तृतीयांश रस्त्यांना.

सेक्युअर रूरल स्कूल्सचे १० लाख डॉलर घेऊन पाहू. साडेतीन लाखांच्या वर मिळणाऱ्या काउंटीला ८० ते ८५ टक्के त्या कायद्याच्या ‘टायटल १’ या भागात, म्हणजे शाळा-रस्त्यांना, ठेवता येतात. ८० टक्के धरले तर ८ लाख. त्यातले शाळांना कॅलिफोर्नियात ४ लाख, आयडाहोत २ लाख ४० हजार, ऑरेगनमध्ये २ लाख. ऑरेगनमध्ये तेही पूर्ण पदरात पडत नाहीत, कारण तिथे हा पैसा राज्याच्या शालेय निधीच्या सूत्रात ‘स्थानिक उत्पन्न’ म्हणून मोजतात आणि राज्याचं अनुदान तेवढं कमी होतं.

ऑरेगनच्या पश्चिमेकडच्या १८ काउंट्यांचं प्रकरण आणखी वेगळं. रेल्वेला दिलेल्या आणि १९१६ मध्ये सरकारने परत घेतलेल्या जमिनींचा पैसा तिथे १९३७ च्या कायद्याने येतो. निम्मं उत्पन्न काउंटीच्या जनरल फंडात जातं आणि त्यातून शेरीफ, तुरुंग, ग्रंथालय काहीही चालवता येतं. या पैशाच्या भरवशावर तिथले कर अनेक दशकं खाली राहिले आणि १९९७ मध्ये राज्याने ते दर कायमचे गोठवले. जोसेफीन काउंटीचा कायम दर हजार डॉलर मूल्यांकनाला ५८.६७ सेंट आहे. २०१२ मध्ये पैसा आटल्यावर तिथल्या शेरीफ खात्याला मोठी कात्री लागली. ते आकडे तुमच्या शाळेच्या ओळीशी ताडून पाहू नका.

उरलेल्या २ लाखांचं काय? ‘टायटल ३’ मध्ये जास्तीत जास्त ७ टक्के, म्हणजे ७० हजार. बाकीचे १ लाख ३० हजार ‘टायटल २’ मध्ये. टायटल २ फेडरल जमिनीवरच्या किंवा तिला उपयोगी पडणाऱ्या कामांसाठी आहे : रस्त्यांची देखभाल, जुने रस्ते बंद करणं, ओढे-पाणलोट सुधारणं. ती कामं १५ जणांची रिसोर्स ॲडव्हायझरी कमिटी सुचवते. पाच-पाच जणांचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटात बहुमत लागतं. गाडं अडतं ते इथे. सदस्यांच्या नेमणुका वरून रखडल्या की गणसंख्या भरत नाही आणि मंजूर पैसा पडून राहतो.

टायटल ३ मध्ये चुका जास्त होतात. वणव्यापासून घरं वाचवण्याचे कार्यक्रम, सामुदायिक वणवा आराखडे, फेडरल जमिनीवर केलेल्या शोध-बचावाची भरपाई, २०१८ पासून तिथली गस्त आणि २०२१ पासून शाळांसाठी ब्रॉडबँड, अशी ठरावीक कामंच त्यात बसतात. हे शेवटचं तुमच्या कामाचं आहे, काउंटीकडे जरूर मागा. आधी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर करून ४५ दिवस हरकतींसाठी द्यावे लागतात, आणि वर्षभराचा खर्च नियमात बसला असं प्रमाणपत्र १ फेब्रुवारीपर्यंत द्यावं लागतं. वर्षभराच्या बचाव पथकाचा सगळा पगार यात टाकला की आक्षेप येतो. कोणती मोहीम फेडरल जमिनीवर झाली, किती तास, किती माणसं, याची नोंद मोहिमेगणिक हवी.

रस्त्यांच्या निम्म्या हिश्श्यावर शाळेने डोळा ठेवू नये, असं मी कळकळीने सांगतो. रस्ता खात्याचे पैसे तुटले की आधी चिप सील पुढे ढकलतात. म्हणजे डांबराचा पातळ थर आणि त्यावर बारीक खडी, दर सात-आठ वर्षांनी. तो चुकला की भेगांतून पाणी खालच्या गिट्टीत उतरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, उन्हाळा येईपर्यंत तुकडे उखडतात. मग थर देऊन भागत नाही, रस्ता खणावा लागतो. पाइपमोऱ्यांचंही तसंच. पाल्यापाचोळ्याने तुंबलेली एक मोरी वेळेत साफ केली नाही तर पाणी भरावावरून जातं आणि भराव वाहून नेतं. त्याच रस्त्यावरून स्कूल बस जाते.

डोंगरवाट

दोघांचेही आभार, चित्र बरंच स्पष्ट झालं. एकच राहिलं. काउंटीकडून असं ऐकायला मिळतं की सेक्युअर रूरल स्कूल्स बंद झालं तरी ‘पिल्ट’ वाढतं, म्हणून फार बिघडत नाही. शाळेच्या दृष्टीने हे बरोबर आहे का? आणि बजेटमध्ये कोणता आकडा धरावा?

उत्तर ३ – खातेवही

काउंटीपुरतं ते काहीसं खरं, शाळेपुरतं नाही.

पिल्ट म्हणजे कराऐवजी दिली जाणारी भरपाई. कायदा १९७६ चा, देणारं फेडरल खातं इंटीरियर. त्यात दोन पद्धतींनी हिशेब करून मोठा आकडा देतात. एका पद्धतीत एकरामागे मोठा दर, पण आदल्या वर्षी काउंटीला मिळालेला जंगलाचा पैसा वजा. दुसरीत छोटा दर आणि वजावट नाही. मूळ कायद्यात हे दर ७५ आणि १० सेंट होते, आता महागाईप्रमाणे वाढलेत. दोन्हींवर लोकसंख्येची कमाल मर्यादा आहे. जंगलाचा पैसा घटला की पुढच्या वर्षी वजावट घटते, म्हणून पहिल्या पद्धतीतल्या काउंटीचं पिल्ट वाढतं. पण ती वाढ एक वर्ष उशिरा येते आणि काउंटीच्या जनरल फंडात जाते, शाळेला त्यातलं द्यायचं बंधन नाही. राज्याच्या कायद्याने थेट स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्टला गेलेला पैसा तर मुळात वजाच होत नाही. म्हणजे शाळेचा हिस्सा बुडाल्यामुळे पिल्ट वाढत नाही, आणि रस्त्यांच्या हिश्श्यामुळे जी वाढ होते ती शाळेकडे येत नाही.

बजेटमध्ये फक्त २५ टक्केवाला आकडा धरा. काउंटी ऑडिटरकडून तुमच्या जंगलाच्या सात वर्षांच्या उत्पन्नाचा तक्ता मागवा. सात वर्षांची सरासरी असल्याने पुढच्या वर्षाचा अंदाज बराच जवळ येतो : सर्वांत जुनं वर्ष गळतं, नवं एक येतं, बाकी सहा तुमच्यासमोर असतात. त्याच्या वर जे येईल ते वेगळ्या खात्यात ठेवून छप्पर, बॉयलर, बस अशा एकदाच्या खर्चाला लावा.

शिक्षकांचे पगार त्यावर टाकू नका, आणि हे तारखांमुळेही सांगतो. फेडरल वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, पण सेक्युअर रूरल स्कूल्सची रक्कम राज्याच्या तिजोरीतून पुढच्या वसंतात, बहुधा एप्रिलच्या आसपास, खाली येते. कॅलिफोर्नियात शिक्षक कमी करायचे तर पहिली नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते. या पैशावर पगार ठेवलेत तर रक्कम कळण्याआधीच एखाद्या चांगल्या शिक्षिकेच्या हातात नोटीस ठेवावी लागेल. नंतर पैसे आले तरी ती तोवर दुसरीकडे रुजू झालेली असते.

आलेली रक्कमही वर्ष संपेपर्यंत पूर्ण खर्चू नका. २०१३ मध्ये फेडरल सरकारची सरसकट खर्चकपात लागू झाली तेव्हा फॉरेस्ट सर्व्हिसने राज्यांना आधीच वाटलेल्या पैशातले ५.१ टक्के परत मागितले होते. तेवढा भाग खात्यात राहू द्या.