मेळघाट सफारी अन् नरनाळा किल्ला एकाच फेरीत जमेल का?

परभणीकर:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा अन् दोन्ही लेकरं घेऊन मेळघाटला जायचा विचार करायलोत. पोराला वाघ बघायचाय, बाबांना नरनाळा. सगळे म्हणायलेत मेळघाटात वाघ दिसत नाही, सरळ ताडोबा करा. खरंय का? अन् बाबांचे गुडघे दुखतात, किल्ला चढावा लागतो का?

गडवेडा_जालना:
दादा, फक्त वाघच बघायचा असेल तर ताडोबाच करा, मंगळवार सोडून. तिथं चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट अन् समाध्या पण होतात. पण बाबांसाठी नरनाळाच, त्याला तोड नाही. पायथ्याच्या शहानूर गावात वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली की गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळं गुडघ्यांचं टेन्शन नाही. महाकाली दरवाजा मात्र घाई न करता बघा, दगडात कोरलेली कमळं, वर अरबी-फारसी अक्षरांच्या पट्ट्या, बाजूला जाळीचे सज्जे, अन् शिलालेखात १४८७ चं साल, म्हणजे वऱ्हाडात इमादशाही उभी करणाऱ्या फत्तेउल्ला इमादउल्मुल्कच्या काळातलं काम. बाबांना एक सांगा, आपली पाथरी तेव्हा ह्याच इमादशाहीत होती, अहमदनगरच्या निजामशहाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी म्हणून त्याला ती पाहिजेच होती, त्यावरून दोघांची भांडणं लागली अन् १५१८ ला निजामशहानं ती घेतली. आपल्या परभणीचा इतिहास त्या दरवाज्याशी असा जोडलेला आहे, मला तर तिथून हलूच वाटत नाही.

सेलूची_ताई:
भाऊ, मेळघाटात वाघ भरपूर आहेत, १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला आहे तो. पण डोंगर, खोल दऱ्या अन् दिवाळीत गवत-पाला दाट, म्हणून दिसणं अवघड. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर चान्स जास्त असतो पण लेकरांना ते ऊन झेपणार नाही. पोराला आधीच सांगून ठेवा की रानगवा, अस्वल, सांबर बघायला चाललोय. गवा जवळून बघितला की पोरं गप्पच होतात, काळंभोर अंग अन् चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यासारखे. रानपिंगळा पण विचारा गाइडला, जगात फार थोड्या ठिकाणी उरलाय तो घुबड अन् मेळघाट त्याचं मोठं घर आहे.
सकाळच्या जिप्सीत थंडी लई वाजते, कानटोप्या घ्याच. बुकिंग वनखात्याच्या साइटवर, ओळखपत्र ओरिजिनल लागतं.

परभणीकर:
पाथरीचं ऐकून बाबा आत्ताच पुस्तकं काढून बसलेत! मग मेळघाटच. रेल्वेनं पूर्णा-हिंगोली-वाशिम-अकोला अन् पुढं गाडी करून अकोट, बरोबर ना? चिखलदरा पण जोडावा का?

गडवेडा_जालना:
रूट बरोबर. चिखलदरा जोडायचा तर मुक्काम वाढवा, अकोटहून अंजनगाव-परतवाड्यावरून वर चढावं लागतं अन् घाट वळणावळणाचा आहे, आईंना गाडी लागत असेल तर विचार करा. तिथं गाविलगड किल्ला आहे, १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीनं मराठ्यांकडून घेतला तो, पण आत चालणं बरंच आहे, बाबांना झेपणार नाही. मी असतो तर ह्या खेपेला शहानूरलाच दोन रात्री राहिलो असतो, एक सकाळ सफारीला अन् एक अख्खा दिवस किल्ल्याला.