री: डिसेंबरात मोरेमी-सावुटी, एकच गाडी. चालेल का?

परभणीकर, सँडटनहून:

नमस्कार मंडळी,

आई-बाबा १५ डिसेंबरला परभणीहून येताहेत. दोन्ही मुलांना (वय ९ आणि ६) सुटी, मला आणि बायकोलाही रजा मिळालीय. बेत असा: जोहान्सबर्गहून बोत्स्वानातलं माउन, मग मोरेमी, ख्वाई, सावुटी आणि चोबेच्या जंगलांतून कसाने गावाला बाहेर. दहा दिवस. डबल कॅब फोर बाय फोर भाड्याने घेणार, छतावर दोन तंबू. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर अभयारण्य आम्ही चार वेळा स्वतः गाडी चालवून केलंय, त्यामुळे जनावरांची धास्ती नाही. सोबत दुसरी गाडी नाही. चालेल ना?

गॅबोरोनवाले काका:

अरे बाबा, आधी क्रुगर डोक्यातून काढ. तिथे डांबरी रस्ते, कॅम्पात पेट्रोल पंप, भोवती कुंपण, दुकानात आइस्क्रीम. मोरेमीच्या कॅम्पला कुंपण नाही. रात्री तरस तंबूखालून जातो आणि बाहेर राहिलेली चप्पल घेऊन जातो. माझी एक गेली, उजवी. डावी उगाच जपून ठेवलीय.

पण जनावरं हा खरा प्रश्न नव्हेच. प्रश्न जमिनीचा आहे. डिसेंबर म्हणजे इकडे पावसाळा, हे आई-बाबांनाही सांगून ठेव, नाहीतर स्वेटर भरून आणतील. ख्वाईहून सावुटीला जाताना मबाबेचा सखल भाग लागतो. जुन्या, कधीच आटून गेलेल्या सरोवराचा तो तळ. तिथली माती काळी. तू परभणीचा, तुला काळ्या मातीचं मी काय सांगावं? उन्हाळ्यात भेगा आणि दोन सरी पडल्या की साबण. इथले लोक तिला ब्लॅक कॉटन सॉइलच म्हणतात, म्हणजे आपली कापसाचीच. सावुटीला जायला दोन वाटा आहेत, एक दलदलीकडची आणि एक वाळूच्या धारेवरची. पावसात दलदलीकडची घ्यायचीच नाही.

मी एका जानेवारीत घेतली. फोटो चांगले येतील म्हणून. गाडी बुडापर्यंत बसली. एकटीच गाडी, दोरी होती पण ओढणारं कुणी नाही. मोबाईलला रेंज नाही. चालत जाऊन मदत आणणं तिथे शक्य नसतं, सिंहांचा मुलूख आहे. म्हणून बसून राहिलो. रात्र गाडीतच. तुझी काकू त्या रात्री माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ते सिंहापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ट्रक आला, त्यांनी ओढून काढलं. पाणी भरपूर होतं म्हणून निभावलं. माणशी रोजचे पाच लिटर धर आणि वर दोन दिवसांचं जास्तीचं.

वाळूचं तंत्र वेगळं. टायरमधली हवा दीड बारवर आणायची, डांबरावर परत आलास की भरायची. सकाळची वाळू थंड आणि घट्ट असते, दुपारी तापून सैल होते, म्हणून अवघड पट्टा सकाळी उरकायचा. अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, चाक झटका देतं. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नकोस, गाडी आणखी खाली जाते. उतरायचं (आधी चहूकडे बघून!), खणायचं, हवा आणखी कमी करायची.

डिझेलचा हिशोब कर. माउन सोडलं की कसानेपर्यंत पंप नाही. रस्ता साधारण ४०० किलोमीटर, आत फिरणं आणखी २०० धर. वाळूत लिटरला पाचच किलोमीटर. म्हणजे १२० लिटर. गाडीची टाकी ८० ची असते. बाकी तुझं तू समज.

आणि बुकिंगचा कागद. कॅम्पच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात, कागद नसला तर मुक्कामासाठी आत सोडत नाहीत. आत वेगमर्यादा ताशी ४०, पण तेवढीही गाठता येत नाही. मोरेमीच्या साउथ गेटपासून थर्ड ब्रिज कॅम्पला जेमतेम ५० किलोमीटर, दोन तास.

ठाण्याची वहिनी, प्रिटोरियाहून:

गणपतीच्या मखराला थर्माकोल नको, कापड मी आणते. पडद्याचे हुक कुणाकडे आहेत?

ठाण्याची वहिनी, प्रिटोरियाहून:

सॉरी सॉरी, चुकीच्या मेलला उत्तर दिलं. 🙈 पण वाचलंय सगळं, तर बोलतेच. आम्ही गेल्या जुलैत हीच वाट केली, दोन गाड्या घेऊन.

भाड्याची गाडी घेताना "सगळं आहे" यावर विसंबू नका. आमच्या एका गाडीतला हवा भरायचा पंप चालूच होईना, फ्यूज उडालेला. दुसऱ्या गाडीतल्या पंपावर सगळा प्रवास झाला. ताबा घेतानाच त्यांच्या अंगणात पंप लावून, जॅक उभा करून, जास्तीची दोन्ही चाकं बघून घ्या. सीमा ओलांडायला गाडीच्या मालकाचं परवानगीपत्र लागतं, तेही तेव्हाच मागून घ्या.

जेवणाचं: भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या. लिंबू आणि संत्री मात्र नकोत. हत्तींना त्यांचा वास फार लांबून लागतो. झिंबाब्वेच्या माना पूल्समध्ये तर आंबट फळं आत न्यायलाच बंदी आहे. पोह्यांवर पिळायला काही नाही म्हणून आमच्याकडे चेहरे पडले होते, मग आमसूल भिजवून त्याचं पाणी घातलं. वाईट नाही लागत. मटण खाणाऱ्यांनी परतताना डबे रिकामे करा. गुरांच्या लाळ्या-खुरकुताची साथ रोखायला घातलेल्या तारांच्या कुंपणापाशी उत्तरेकडून दक्षिणेला येताना कच्चं मांस काढून घेतात, औषधात भिजवलेल्या पोत्यावर बूट पुसायला लावतात.

सावुटीचं न्हाणीघर बघण्यासारखं आहे. हत्तींनी पाण्यासाठी नळ उपटले, म्हणून भोवती मातीचा तट घातलाय, अगदी भुईकोट किल्ला. पण तो तंबूपासून दूर, आणि रात्री खाली उतरायचं नाही. छतावरच्या तंबूला शिडी असते. तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत?

मलेरियाचंही बघा. पावसाळ्यात तिकडे जास्त असतो. मुलं आणि ज्येष्ठ दोघंही आहेत, डॉक्टरांना आधी विचारा.

अजून एक. आई, बाबा, तुम्ही दोघं, मुलं दोन. सहा. डबल कॅबमध्ये सीटा पाच.

गॅबोरोनवाले काका:

हे माझ्या लक्षात आलं नाही. शाब्बास वहिनी.

परभणीकर, सँडटनहून:

माझ्याही नाही. बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. (खरं आहे.)

आईचे गुडघे शिडीचे नाहीत. तर नवीन बेत: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन फक्त कसाने. फ्रान्सिसटाउन, नाटा आणि तिथून ३०० किलोमीटर, पूर्ण डांबर. सातआसनी साधी गाडी, राहायला खोली, चोबे नदीत होडीतून हत्ती. काका, नाटा-कसाने रस्त्यावर हत्ती आडवे येतात म्हणे?

मोरेमी आम्ही चौघं जून-जुलैच्या सुटीत करू. तेव्हा पाऊस नाही, म्हणजे वाटा कोरड्या ना?

गॅबोरोनवाले काका:

येतात. गाढवं आणि गुरंही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा, एवढं पाळ.

जूनबद्दल मात्र उलटं आहे. मबाबे कोरडं, पण ओकावांगो नदीला पाणी तेव्हाच चढतं. अंगोलाच्या डोंगरांत जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस सपाटीवरून इतका रेंगाळत येतो की माउनला पोचायला जून-जुलै उजाडतो. आभाळ निरभ्र आणि नदीला पूर. मोरेमीतल्या काही वाटा पाण्याखाली असतात. रोज फाटकावर विचारायचं, आणि समोरची गाडी गेली म्हणून आपण पाण्यात घालायची नाही. चालत खोली मोजणं तर नाहीच, मगरी आहेत. सावुटीचा ओढा याहून लहरी. १९८२ च्या सुमाराला आटला तो जवळपास तीस वर्षं. लोक त्याच्या पात्रात गाड्या चालवायचे. मग पाणी परत आलं.

रात्री गोठवणारी थंडी असते, मुलांना कानटोप्या. ते स्वेटर आता कामाला येतील, आईला म्हणावं आणाच.

परभणीकर, सँडटनहून:

मग दुसरी गाडी कोण? आमचे चौघं पक्के.

ठाण्याची वहिनी, प्रिटोरियाहून:

आम्ही. पण पंप मी स्वतः विकत घेऊन येणार. आणि पडद्याचे हुक अजून कुणी सांगितलेले नाहीत.