स्थळाला गोळ्यांचं सांगायचं का नाही?

सातारकर_ताई: धाकट्या भावाला दीड वर्षापूर्वी डिप्रेशन आलं. आधी चार महिने देवऋषी, लिंबू, अंगारा, "बाहेरचं झालंय" असं सगळं करून झालं, मग पुण्याला डॉक्टरकडं नेलं आणि गोळ्या सुरू झाल्यावर गडी अडीच महिन्यात परत रानात जायला लागला. आता स्थळं येतायत. आई गोळ्या शेंगदाण्याच्या डब्यात तळाशी ठेवते, पाहुणे यायचे म्हटलं की डबाच माळ्यावर. मी म्हणते मुलीकडच्यांना सांगा, तर घरात सगळे माझ्यावर तुटून पडलेत.

गावरान_मिरची: अजिबात सांगू नका. एकदा कळलं की ते नुसतं डिप्रेशन राहत नाही, चार घरं फिरून त्याचं "येरवड्याला होता" होतं. आमच्या भावकीत झालंय, पुढं त्याच्या बहिणीचंपण जमेना. शुगरच्या गोळ्या कोण सांगतं हो?

निवांत_नाना: शुगर चहाच्या कपालाच कळते. उद्या सुनेला तो डबा सापडला म्हणजे? 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 12 बघा, महत्त्वाची गोष्ट लपवून होकार मिळवला तर लग्न रद्द करायला कोर्टात जाता येतं.

गावरान_मिरची: नाना, डिप्रेशन साध्या आजारासारखंच आहे असं एरवी तुम्हीच म्हणता, मग ती एवढी महत्त्वाची गोष्ट कशी झाली? एक काहीतरी ठरवा. 2017 च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला लावलंय, पण आमच्या आत्याला कोण लावणार?

अर्धी_भाकर: मी स्वतः गोळ्या घेते आणि सांगूनच लग्न केलं. तीन नकार आले, एका घरात तर "मूल पण असंच होईल का" असं तोंडावर विचारलं. चौथ्यानं फक्त विचारलं, गोळी घेतल्यावर गाडी चालवताना झोप येते का. त्याच्याशीच केलं. पण मिरचीताई चुकीचं बोलत नाहीयेत, त्या तीन घरांनी माझं नाव अख्ख्या तालुक्यात नेलं. म्हणून पहिल्या चहाला नाही, पसंती झाल्यावर आणि सुपारी फुटायच्या आत, मुलीला एकटीला सांगायचं.

निवांत_नाना: एकटीला? आमच्याकडं मुलगी एकटी भेटते कुठं 😀 बरं ताई, भावाला विचारलं का कुणी?

सातारकर_ताई: आज विचारलं. म्हणाला सांगायचं ते सांगा, पण परवा पाहुणे येऊन गेल्यापासनं डबा माळ्यावरच आहे, दोन दिवस गोळी नाही.

गावरान_मिरची: अगं बाई मग आधी डबा काढ खाली, आणि डॉक्टरला फोन लाव. भांडू नंतर.